तुझ्या झाडाचं आढं

प्रिय यिनह्वान,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, डुकरं धडधाकट आहेत, छप्पर गळत नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी एक बोलते, तू गप्प बसतेस, मग मी आवाज चढवते, मग तू म्हणतेस, 'आई, मशीन सुरू झालं, ठेवते.' तुमचं ते मशीन बरोबर माझ्या वाक्याच्या मध्येच सुरू होतं. कागदाला तसं करता येत नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण, तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईकडून आणखी काय होणार, तेव्हा सावकाश वाच. चुका काढ हवं तर, पण मला सांगू नकोस.

बातमी अशी, की तुझं झाड गेलं. खालच्या श्यापिंग गावच्या लोकांनी चोरलं, त्यांच्या नव्या मनोऱ्याच्या आढ्यासाठी. आता तू तिकडे फोशानच्या कारखान्यात हातातली कात्री खाली ठेवशील आणि म्हणशील, आईने काहीतरी घोळ घातला. घोळ झालाय खरा, पण या वेळी मी घातलेला नाही. पहिल्यापासून सांगते.

श्यापिंगचा नगाऱ्याचा मनोरा जळाला हे तुला मी सांगितलं होतं. तेव्हाही मशीन सुरू झालं होतं बहुतेक. खालच्या आळीत कुणाचीतरी चूल भडकली आणि तासाभरात मनोरा, आजूबाजूची घरं, धान्याची कोठारं, सगळं गेलं. त्यानंतर बिचारे शाळेच्या पटांगणात पत्र्याखाली बसायचे. लग्न ठरवायचं पत्र्याखाली, भांडण मिटवायचं पत्र्याखाली, गाणं म्हणायचं तेही पत्र्याखाली, आणि पाऊस आला की गाणाऱ्यांचं तोंड नुसतं हलताना दिसायचं. मनोरा नसलेलं गाव म्हणजे जीभ कापलेला माणूस. या वर्षी त्यांनी लाकूड जमवलं, लू मिस्त्रींना बोलावलं आणि काम काढलं. खांब त्यांचे, फळ्या त्यांच्या, पण आढं मात्र चोरायलाच हवं. आढं आपल्या रानातलं चालत नाही, विकत घेतलेलं तर नाहीच. दुसऱ्या गावातून, पहाटे, मालकाला न सांगता. तुला माहीत आहे, पण शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहिते. आणि हेही विसरली असशील, की झाड कुणाच्याही रानातलं चालत नाही. घर भरलेलं लागतं. नवरा जिवंत, बायको जिवंत, मुलगे, सुना, नातवंडं. असं झाड आढ्यावर चढलं की गावही तसंच भरतं म्हणे.

तेव्हा आपल्या रानाकडे कोण बघणार होतं? लू मिस्त्री महिनाभर आपल्या गाओयुन गावाच्या उतारावर अळंबी शोधत फिरत होते. त्यांना अळंबी खाल्ली की पोटात मुरडा येतो हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, पण सगळे म्हणायचे, 'मिस्त्री, मिळाली का अळंबी?' आणि ते म्हणायचे, 'अजून नाही.' मग एक दिवस थोरल्या काकांच्या रानात ते बराच वेळ उभे राहिले, मान वर करून, आणि दुसऱ्या दिवसापासून अळंबी शोधायला आले नाहीत. झालं. तुझ्या थोरल्या काकूला एवढं पुरलं. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडांनी भरलेलं अंगण, काका अजून डोंगर चढतात, तिचं नाही तर कुणाचं झाड जाणार? गेल्या महिन्यात तिने नवं जाकीट शिवलं, अंड्याचा पांढरा बलक घासून घासून असं चकचकीत केलं की त्यात तोंड बघावं. रोज संध्याकाळी ते चुलीपाशी टांगून ठेवायची आणि पहाटे अंगात घालून चोरांची वाट बघत बसायची.

तुझं झाड तिच्या रानाच्या सीमेवर, हाताच्या अंतरावर. तू झालीस त्या वर्षी तुझ्या बापाने रोपं लावली, सगळ्यांचे बाप लावतात तशी. पोरगी अठराची झाली की देवदार तोडायचा, पेटी-पलंग करायचा, पोरीला सासरी पाठवायचं. बाकीची झाडं त्याच्या आजारपणात विकली गेली. एक मात्र त्याने तोडू दिलं नाही. खोकत खोकत म्हणायचा, 'ते तिचं आहे, आपलं नाही.' तू अठराची झालीस तेव्हा तू म्हणालीस राहू दे. पंचविसाव्या वर्षी म्हणालीस राहू दे. मग मी विचारणं सोडलं, म्हणजे तुला विचारणं सोडलं. लोक मला विचारायचे. 'यिनह्वानची आई, झाड आधी म्हातारं होणार की पोरगी?' मी काय उत्तर द्यायचे ते लिहीत नाही, कागद खराब होईल.

पण त्या झाडाखाली उभं राहिलं की मला बोलता यायचं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. अठराला तुटायचं झाड तुटलं नाही, म्हणून ते वाढतच राहिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तुझं काम संपलं, थांब. इतकं सरळ, की खालून वर बघताना डोक्यावरची टोपली मागे पडायची. पाऊस सुरू झाला की तो आधी वर लागायचा आणि मी खाली कोरडी उभी, वरचं पाणी खाली यायला कितीतरी वेळ. सकाळी ढग खोऱ्यात उतरायचे तेव्हा त्याचा शेंडा ढगाच्या वर असायचा. मी खालून कधी तो शेंडा पाहिला नाही, यिनह्वान. स्वतःच्या पोरीचं झाड आणि त्याचा शेंडा मला दिसत नव्हता.

त्या पहाटे मी खाचराचं पाणी बघायला निघाले होते. वरच्या खाचरात मासे सोडलेत, बांध फुटला की सगळे मासे खालच्या शेजाऱ्याचे. धुकं असं की हातातला कोयता दिसेना. उतारावर आले तर कुऱ्हाडीचा आवाज. मग एकदम शांत. मग कुणीतरी दाबून हसलं. मी म्हटलं, चला, काकूचा दिवस उजाडला. आणि मनात म्हटलं, चला, आता वर्षभर तिचं जाकीट बघावं लागणार. मग झाड कलण्याचा आवाज आला, आणि तो आवाज सीमेच्या अलीकडून आला होता.

मी धावले. श्यापिंगची सगळी पोरं, अर्धी तर तुमच्यासारखी शहरातून सुट्टी काढून आलेली, पायात पांढरे बूट, आणि खांद्यावर तुझं झाड. पडलं नव्हतं ते. दोर लावून, काठ्या लावून, खांदे लावून त्यांनी ते वरच्यावर झेललं होतं, जमिनीला टेकू न देता. आणि मी तोंड सोडलं. म्हटलं, तुमच्या भातावर पाखरं पडोत, तुमच्या हंड्यातल्या आंबट माशांत किडे पडोत, तुमच्या बायका माहेरी जाऊन तिथेच जाड होवोत. दिसेल त्याच्या आजोबापर्यंत गेले. आणि ती मेली पोरं हसताहेत. एक म्हणतो, 'मावशी, अजून, अजून. थोडं जोरात, खाली ऐकू जात नाही.' दुसरा म्हणतो, 'बायकांचं परत एकदा म्हणा.' आढं चोरताना मालकाच्या शिव्या खाव्या लागतात, जितक्या शिव्या तितकी बरकत, हे मलाही आठवेना इतकी मी भडकले होते. मी मनापासून शिव्या घालत होते आणि ते मनापासून आशीर्वाद गोळा करत होते.

मग धुकं फाटलं. डोंगराच्या खांद्यावरून ऊन आलं आणि खालची सगळी खाचरं एकदम पेटली. लावणीच्या आधी ती नुसत्या पाण्याने भरलेली असतात, ठाऊक आहे ना, डोंगराच्या पायापासून माथ्यापर्यंत आरशांच्या पायऱ्या. त्या बांधांवरून तुझं झाड चाललं होतं. माणसं दिसत नव्हती, ती फांद्यांखाली झाकलेली. नुसतं झाड दिसत होतं, आडवं, हिरवं, बांधावरून बांधावर वळत, आणि खाली पाण्यात दुसरं झाड, उलटं, त्याच्याबरोबर चाललेलं. कुठे वळण आलं की दोन्ही झाडं एकदम वळायची. आणि सगळ्यात मागे शेंडा. तेव्हा मी तो पाहिला. कोवळा, पोपटी, एखाद्या रोपासारखा. इतक्या वर्षांच्या झाडाला शेंड्यापाशी इतकं लहान असता येतं हे मला माहीत नव्हतं. शिवी तोंडात होती ती तिथेच राहिली.

बुंध्यापाशी त्यांनी रीतीप्रमाणे दारूची बाटली, चिकट भाताची पुडी आणि लाल पाकीट ठेवलं होतं. मी तिथे बसले होते तेवढ्यात तुझी काकू आली. चकचकीत जाकीट, गळ्यात चांदीची सगळी कडी, हातात तेलात परतलेल्या चहाची किटली. चोरांना पाजायला. तिने बुंधा पाहिला, मग आपलं झाड पाहिलं, जसंच्या तसं उभं, मग मला पाहिलं. 'धाकटे,' म्हणाली, 'हे काय केलंस?' मी म्हटलं, 'मी केलं? मी काय कापून खांद्यावर दिलं?' ती म्हणाली, 'मिस्त्रींनी चहाच्या झुडपाच्या वरचं तिसरं म्हणून सांगितलं होतं त्यांना, मला आतून कळलं होतं. चहाच्या झुडपाच्या वरचं तिसरं माझं. तुझं दुसरं.' म्हटलं, 'मग धुक्याला विचार.' ती तिथेच बसली आणि रडायला लागली, आणि मला हसू यायला लागलं. चोरी झाली नाही म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. तो चहा शेवटी आम्ही दोघींनीच संपवला.

पण बातमी कुठे थांबते. दोन दिवसांनी श्यापिंगची जाणती माणसं आपल्या दारात. बरोबर लोणच्यातला अख्खा मासा, म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं होतं. त्यातला जो सगळ्यात गोड बोलतो, शी लाओत्सुन, तो पुढे झाला. 'यिनह्वानची आई, पोरांकडून चूक झाली. झाड उत्तम आहे, झाडाबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण आढ्याला घर भरलेलं लागतं.' आणि त्याने तुझ्या-माझ्या घराकडे असं बघितलं जसं बूड गेलेल्या टोपलीकडे बघतात. 'आम्ही दुसरं आणू. तुमचं वाया घालवणार नाही. बसायला बाक करू त्याचा.'

बाक. अगं, झाड नेलं म्हणून माझा संताप झाला होता तो काहीच नव्हता. आता मला कळेना की मी कशासाठी भांडतेय. चोरलं म्हणूनही भांडायचं आणि परत करताहेत म्हणूनही भांडायचं. पण लोकांची ढुंगणं टेकायला तुझ्या बापाने ते लावलं नव्हतं. मी मासा परत केला. (चांगला होता, नंतर वाईट वाटलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता कमरेला लावला आणि ओढ्याच्या काठाने श्यापिंगला निघाले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते. कुणाचा बाप काय होता, कुणाच्या आढ्याचं झाड कुठून आलं होतं, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं.

आणि वळण घेतलं तर समोर मनोरा.

पुरा नव्हता, नुसता सांगाडा. जळालेल्या जमिनीला अजून राखेचा वास येत होता आणि त्या काळ्या जमिनीतून ते पांढरं, सोललेलं लाकूड वर गेलेलं. मधले चार खांब, प्रत्येक खांब म्हणजे एकेका झाडाचं अख्खं आयुष्य, त्यांच्याभोवती बाकीचे, आणि वर एकावर एक मजले, खालचा मोठा, वरचा लहान, वरचा अजून लहान. खिळा नाही. कागदावर चित्र नाही. लू मिस्त्रींच्या हातात बांबूची एक चिरलेली काठी, तिच्यावर शाईच्या खुणा, बस्स. आपण लहानपणापासून मनोऱ्याखाली शेकोटीला बसलो, पण उभा राहताना मी कधी पाहिला नव्हता. सगळं गाव दोर ओढत होतं. बायका, म्हातारे, पांढऱ्या बुटांची पोरं. वरून मिस्त्रींनी हाक दिली की सगळे एकदम मागे झुकायचे, तुळई हवेत डुलत वर जायची, कुणीतरी लाकडी हातोड्याने ठोकायचं आणि ती खांबाच्या भोकात शिरायची. लाकूड लाकडात शिरताना येतो तो आवाज मी तुला कसा लिहून सांगू? ठोकल्याचा आवाज नाही तो. माणूस ओझं खाली ठेवून सुस्कारा टाकतो ना, तसा. आणि तो आवाज चारी खांबांतून खाली येऊन तळपायाला कळायचा. ज्या माणसाला अळंबी पचत नाही त्याच्या डोक्यात हा मनोरा आधीपासून उभा होता, आणि आता तो डोक्यातून काढून, एकेक तुकडा, हवेत ठेवत होता.

मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. जुळवलेलं सगळं विसरले. एका बाईने मला ढोसलं आणि म्हणाली, 'बघायला आलात की ओढायला?' मी दोर धरला. पहिली अर्धी सकाळ मी श्यापिंगचा मनोरा ओढला, ज्यांच्याशी भांडायला गेले त्यांच्याच खांद्याला खांदा लावून.

मग जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मला आठवलं. तुझं झाड एका बाजूला तिवयांवर ठेवलेलं होतं, साल सोललेलं, ओल्या भातासारखं गोरं. म्हातारे दगडांवर बसून चिकट भाताचे गोळे खात होते. मी म्हटलं, 'आढ्याचं काय ठरलं?' शी लाओत्सुन म्हणाला, 'ठरलंय की. तुमचा मासा आम्ही ठेवलाय, परत घेऊन जा.' मी म्हटलं, 'माझं घर भरलेलं नाही असं म्हणालात.' तो म्हणाला, 'आम्ही वाईट हेतूने नाही म्हणालो. नवरा गेला, हा कुणाचा दोष? आणि पोरगी... तिचंही व्हायचं असेल, होईल. पण अजून झालं नाही ना.'

यिनह्वान, पुढे मी जे बोलले ते मी ठरवून बोलले नाही. मी म्हटलं, 'काय व्हायचंय तिचं? काय राहिलंय? तिच्या बापाच्या औषधाला ती पंधराव्या वर्षापासून राबली. आज ती कापडावर कात्री चालवते तेव्हा कारखान्याचे मालक मागे हात बांधून उभे राहतात. स्वतःची खोली आहे, खोलीची चावी तिच्याच खिशात आहे. ती अर्धी नाहीये, की कुणीतरी येऊन उरलेली अर्धी जोडायची. आमच्या घरात दोन माणसं आहेत आणि दोन्ही पुरी आहेत. तुमच्या घरात दहा असतील, मोजा त्यातली पुरी किती.' तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला कुठे थांबता येतं. मी मनोऱ्याशेजारच्या मंदिराकडे हात करून म्हटलं, 'आणि आपली सा-आजी? जिच्या नावाने पहिला घास काढता, जिला विचारल्याशिवाय नांगर धरत नाही. तिचा नवरा कोण? सांगा की. आतमध्ये छत्री आहे, पांढरे दगड आहेत, नवरा कुठे ठेवलाय तिचा?'

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. देवीबद्दल कुणी असं बोलतं? सगळे मंदिराच्या पायरीकडे बघायला लागले, तिथे सा-आजीच्या छत्रीची राखण करणारी वाङ आजी बसली होती. तिला दात नाहीत, वय तिचं तिलाही माहीत नाही. आणि वरून लू मिस्त्री, कानाने अर्धे गेलेले, तुळईवर पाय सोडून भात खात होते, ते ओरडले, 'काय म्हणाली ती?' खालून एकाने सांगितलं. 'ऐकू नाही आलं.' मग पांढऱ्या बुटाच्या एका पोराने दोन्ही हात तोंडाशी धरून बेंबीच्या देठापासून सांगितलं, की यिनह्वानची आई विचारतेय, सा-आजीचा नवरा कोण. डोंगराने ते परत विचारलं.

आधी वाङ आजीचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिच्या मांडीवरचा भात सांडला. म्हणाली, 'इतकी वर्षं दिवा लावते, मलाही कधी सुचलं नाही विचारायचं. तिचं काही अडलं नाही बाबा.' शी लाओत्सुन म्हणाला, 'आजी, पण रीत...' ती म्हणाली, 'रीत शिव्यांचीही आहे. एवढ्या पोटातून शिव्या खाल्लेलं लाकूड या खोऱ्यात दुसरं आहे का? मी घरात बसून ऐकल्या.' वरून मिस्त्री म्हणाले, 'मी त्याच्यावर शाईची दोरी मारून बसलोय. लाकूड दोरीपेक्षा सरळ आहे. आणखी एक चोरायचं तर अळंबी शोधायला दुसरा कुणी बघा.' म्हातारे आपसांत कुजबुजले, घसा खाकरला, पुन्हा कुजबुजले. शेवटी वाङ आजीने सांडलेला भात कोंबड्यांना लोटला आणि म्हणाली, 'चढवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी चढवलं. मधोमध निळ्या कापडात पंचांग, शाईची कांडी, चांदीचं नाणं बांधलं. ओढायला दोर नव्हते, नव्या कापडाचे लांब पट्टे होते, बायकांनी हिवाळाभर विणलेले. तुझं झाड वर जायला लागलं. ते इतकं हळू वर गेलं, की ते वर जातंय की आपण जमिनीत खाली चाललोय, कळेना. मिस्त्री आढ्याच्या जागी पाय रोवून उभे होते. आढं त्यांच्या पायाशी आलं तेव्हा त्यांनी मंत्र म्हटला आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, 'कुणाचं झाड?' याला उत्तर बाप्याच्या नावाने देतात, घरच्या कर्त्याच्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, 'यिनह्वानचं.' त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. 'कुणाचं?' मी छाती भरून ओरडले, 'यिनह्वानचं.' त्यांनी ते नाव घेऊन आशीर्वाद म्हटला, गावाने हुंकार दिला, पुन्हा नाव, पुन्हा हुंकार. तू कधी या डोंगरांना तुझं नाव घेताना ऐकलं नसशील. शेवटचा डोंगर, तो ढगातला, त्यानेही घेतलं, थोडं उशिरा.

मग आढं बसलं. तोच सुस्कारा. आणि श्यापिंगच्या बायकांनी गाणं उचललं. कुणी खूण केली नाही, कुणी पुढे उभं नव्हतं. आधी एकीचा उंच आवाज, उन्हातल्या किड्यासारखा, मग त्याच्याखाली बाकीच्यांचा तो एकच खालचा सूर, जो कधी तुटत नाही, कारण एकीचा श्वास संपतो तेव्हा दुसरीचा चालू असतो. पत्र्याखाली ते मला कधी असं ऐकू आलं नव्हतं. इथे तो आवाज खांबांतून चढला, मजल्यामजल्यावर थांबला, आणि वर तुझ्या झाडाला लागून परत खाली आला. लाकूडही गात होतं. तुझा बाप गेल्यापासून मी गायले नव्हते. बऱ्याच वेळाने मला कळलं की तो खालचा सूर माझ्याही छातीतून येतोय, आणि शेजारची बाई श्वास घेतेय आणि तिच्या जागी मी तो धरून ठेवलाय. कुणी धरायला सांगितलं नव्हतं. तिला श्वास मिळाला, मग तिने माझा धरला.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते, कागद संपत आलाय. भाताची रोपं लावून झाली की मनोरा उघडणार. आढं ज्याचं, त्याची शेकोटीपाशी एक जागा असते, कायमची, पिढ्यानपिढ्या. शी लाओत्सुन विचारायला आला होता, तिथे कोण बसणार. आता मासा घेतला मी. मी सांगितलं, झाड जिचं ती. म्हणाला, 'आणि ती नाही आली तर?' मी म्हटलं, 'मग जागा रिकामी राहील आणि तुम्ही सगळे तिच्या दोन्ही बाजूंनी बसाल.' ती जागा तुझ्या नावाची आहे, यिनह्वान, कुणाच्या बायकोची किंवा आईची म्हणून नाही. गेल्या तीन नववर्षांना तू आली नाहीस. त्याआधी तू आलीस की मी तुला बघायला कुणाकुणाला घरात आणून बसवायचे, शेवटचा तर सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफलं तुझ्या पायाशी टाकत होता, हे मला दिसत होतं. मी तेव्हा जे बोलले ते बोलले, त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. पण मनोऱ्याखाली मी काय बोलले ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं, कारण लोक ते हसत हसत सांगतील आणि मी ते हसत बोलले नव्हते. ये. येताना कुणाला आणायचं नाही, काही ठरवून यायचं नाही, कुणाला काही उत्तर द्यायचं नाही. ये, शेकोटीपाशी बस, वर बघ. कंटाळा आला की दुसऱ्या दिवशी परत जा. मी अडवणार नाही.

तुझ्या नावाने ओरडून घसा बसलेली,
तुझीच आई